बुडालेले रान आणि धरणाचे पाणी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी धरणांच्या पाण्याविषयी होती, आणि त्यांतली पाच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत होती : धरण पहिल्यांदा भरते तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या रानाचे, गवताचे आणि मातीचे पुढे काय होते, आणि ते पाणी पिणाऱ्यांना त्यातून काय भोगावे लागते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या लहान धरणात दोन पावसाळ्यांपूर्वी पहिल्यांदा पाणी अडवले. दिवाळीपर्यंत पाणी चांगले असते. होळीच्या सुमारास मात्र नळाला सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागतो. हंड्यात घेतलेले पाणी आधी नितळ दिसते, पण अर्ध्या-पाऊण तासात त्याला तांबूस झाक येते आणि पांढरे कपडे पिवळे पडतात. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे सांगाडे उभे दिसतात. झाडे तोडली नाहीत म्हणून पाणी नासले, असे गावात सगळे म्हणतात. हे खरे आहे का? आणि हे असेच कायम राहणार का? (एक शिक्षिका, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील गाव)

उत्तर : गावाचे म्हणणे निम्मे खरे आहे. पाणी बुडालेल्या रानामुळेच नासले आहे. मात्र पाण्यातून वर आलेले जे सांगाडे सर्वांना दिसतात आणि ज्यांच्यावर सगळा दोष जातो, त्यांचा या दुर्गंधीतला वाटा सर्वांत कमी आहे. पाणी नासवले ते आता दिसत नसलेल्या गोष्टींनी : पहिल्याच पावसाळ्यात बुडालेला पाला, गवत, कारवीच्या आणि करवंदीच्या कोवळ्या फांद्या, गुरे चरत होती तिथले शेण, आणि या सगळ्याखालचा, वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याने काळा झालेला वीतभर मातीचा थर.

लाकूड पाण्याखाली सहजासहजी कुजत नाही. ते कुजवण्याचे मुख्य काम बुरशी करते, तिला हवा लागते, आणि खोल पाण्यात तिला ती मिळत नाही. पनामा कालव्यासाठी १९१३ मध्ये भरलेल्या गातून तलावात बुडालेल्या जंगलाची लाकडे शंभर वर्षांनंतरही पाण्याखाली कापून बाहेर काढण्याजोगी शाबूत आहेत. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर गोव्यातल्या साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव पाहावे. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, ते पाण्याबाहेर येते आणि घरांच्या पडक्या अवशेषांबरोबर झाडांचे वाळके बुंधेही तिथे दिसतात. १९८० च्या दशकापासून ते वर्षातले बहुतेक महिने पाण्यात काढत आले आहेत.

पाल्याची गोष्ट वेगळी आहे. एक साधा हिशेब करून पाहू. वाळलेल्या एक किलो पाल्यात सुमारे ४५० ग्रॅम कार्बन असतो. एक ग्रॅम कार्बन पूर्णपणे कुजून त्याचा कार्बन डायऑक्साइड व्हायचा तर २.६७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे किलोभर पाल्याला सुमारे १,२०० ग्रॅम. आता ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जास्तीत जास्त किती मावतो, तर साडेसात मिलिग्रॅम. भागाकार केला की उत्तर येते १,६०,००० लिटर. दहा हजार लिटरच्या सोळा टँकरांतला सगळा ऑक्सिजन संपवण्याची ताकद एक किलो पाल्यात असते. सगळाच पाला एका वर्षात कुजत नाही आणि पाण्याला वरून थोडा ऑक्सिजन पुन्हा मिळतही असतो, हे खरे. तरीही शिशिरात पानगळ झालेल्या रानातून चालताना पायाखाली किती पाचोळा वाजतो हे आठवले, म्हणजे तळाशी काय घडत असेल याची कल्पना येईल.

दिवाळीला पाणी चांगले आणि होळीला खराब, हे आपले निरीक्षण अगदी नेमके आहे, आणि त्याचे कारण उन्हात आहे. पावसाळ्यात नवे पाणी आणि वारा यांनी तलाव ढवळला जातो. थंडीत रात्री वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली बसते, त्यामुळे ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचत राहतो. माघ संपून ऊन चढू लागले की वरचे पाणी तापून हलके होते, तळाचे गार आणि जड राहते, आणि तलावाचे एकमेकांत न मिसळणारे दोन थर पडतात. उष्ण प्रदेशात हे थर विशेष पक्के असतात. चार अंशांचे पाणी पाच अंशांवर गेल्याने त्याच्या घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तीसपटीहून अधिक फरक २९ अंशांचे पाणी ३० वर गेल्याने पडतो. त्यामुळे आपल्याकडे वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन-तीन अंशांचा फरक झाला तरी वाऱ्याला ते मिसळणे जड जाते. खालचा थर असा कोंडला गेला की त्याला वरून ऑक्सिजन मिळत नाही, आणि तळाचा पाला तर तो खातच असतो.

ऑक्सिजन संपला म्हणून जीवाणू थांबत नाहीत. ते त्याच्या जागी आधी नायट्रेट वापरतात, मग मातीतले मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि काहीच उरले नाही की कुजण्यातून मिथेन वायू तयार होतो. आपल्या पत्रातली लक्षणे याच क्रमातली आहेत. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड झाला, तो सडक्या अंड्यांचा वास. मातीत एरवी गंजाच्या रूपाने घट्ट बसलेले लोह विद्राव्य झाले, ती तांबूस झाक. सह्याद्रीत आणि कोकणात जिथे जांभ्याची माती आहे, तिथे लोहाला तोटा नाही. म्हणून तळ कोंडलेल्या तलावात हा त्रास आपल्याकडे ठळकपणे दिसतो.

हा बदल मी एकदा अगदी जवळून पाहिला आहे. पाणी तपासणीच्या कामावर असताना एका धरणाच्या तळाच्या विमोचकापाशी (पाणी बाहेर सोडण्याच्या दारापाशी) पांढऱ्या काचेची बाटली काठोकाठ भरून घेतली होती. पाणी इतके स्वच्छ होते की बाटली रिकामी वाटावी. झाकण उघडून ती जीपच्या बॉनेटवर ठेवली. दहा मिनिटांत तिच्यात दुधट धूसरपणा आला, अर्ध्या तासात कोऱ्या चहात पाणी घातल्यासारखा रंग झाला, आणि बाकीचे नमुने घेऊन परत आलो तोवर तळाशी गंजाच्या रंगाचे मऊ पुंजके बसले होते. विरघळलेल्या लोहाला हवेतला ऑक्सिजन मिळाला, एवढेच झाले होते. आपल्या हंड्यातही तेच होत आहे. मँगनीज याहून चिवट आहे. ते तासाभरात रंग दाखवत नाही; पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, नळाच्या तोंडाशी काळा थर धरते आणि कधी नळातून काळे कपचे पडू लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीजची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवली आहे, ती लक्षात ठेवून प्रयोगशाळेकडून लोहाबरोबर मँगनीजचीही तपासणी आवर्जून मागून घ्यावी.

लोह विरघळते तेव्हा त्याला धरून बसलेले फॉस्फेटही मोकळे होते, आणि ते वरच्या उजेडातल्या थरात पोहोचले की शेवाळ माजते. शेवाळ मरून तळाशी जाते आणि पुन्हा ऑक्सिजन खाते. म्हणून पहिल्या काही वर्षांत तलाव वरून हिरवा आणि खाली काळा असा दिसू शकतो. त्याच वर्षांत मासे मात्र भरपूर मिळतात, कारण बुडालेल्या रानाने त्यांच्या अन्नाची चंगळ झालेली असते. ही भरभराट काही वर्षांत ओसरते, आणि नव्या धरणावर जाळी टाकणाऱ्यांनी पहिल्या वर्षांच्या पकडीवर पुढचा हिशेब बांधू नये.

हे कायम राहणार का? नाही. कोवळा आणि मऊ भाग पहिल्या काही वर्षांत कुजून जातो, आणि उष्ण प्रदेशात हे थंड प्रदेशापेक्षा लवकर होते. जगातली फार वाईट उदाहरणेही याच वाटेने गेली. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशात १९६४ मध्ये ब्रोकोपोंडो जलाशय भरू लागला, तेव्हा सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे घनदाट जंगल न तोडता बुडवले गेले. हायड्रोजन सल्फाइडच्या वासामुळे धरणावरच्या कामगारांना सुमारे दोन वर्षे मुखवटे घालून काम करावे लागले, आम्लधर्मी पाण्याने यंत्रांची थंडावा देणारी व्यवस्था गंजली आणि जलपर्णीने पाण्याचा मोठा भाग व्यापला. शेजारच्या फ्रेंच गयानात पेती-सो धरण १९९४ मध्ये भरू लागले. तिथेही जंगल तसेच बुडवले होते, आणि खाली सोडलेल्या पाण्यात ऑक्सिजन इतका कमी निघाला की नदीतल्या माशांसाठी धरणाच्या खालच्या बाजूला पाणी धबधब्यासारखे पाडून हवा मिसळणारा खास बंधारा बांधावा लागला. पुढच्या दहा वर्षांत तिथून बाहेर पडणारा मिथेन बराच घटला. आपले धरण लहान आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते जवळजवळ धुतले जाते. म्हणून वास दर उन्हाळ्यात थोडा थोडा कमी होत जाईल, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

तोवर ग्रामपंचायतीने काय करावे, हे आपण विचारलेले नाही, तरी ते सांगणे मला आवश्यक वाटते. जॅकवेलला, म्हणजे ज्या विहिरीतून पंप पाणी उचलतो तिला, पाणी कोणत्या पातळीवरून येते ते आधी पाहावे. तळाच्या एकाच तोंडातून येत असेल, तर तलावातले सर्वांत खराब पाणी आपण निवडून घेत आहात. वरच्या थरातून, पण पृष्ठभागावरचे शेवाळ टाळून दोन-तीन मीटर खालून पाणी घेण्याची सोय झाली, तर निम्मा त्रास तिथेच संपतो. तरंगत्या तराफ्यावर पंप ठेवला, तर पातळी उतरेल तशी खेच आपोआप खाली-वर होते. दुसरे म्हणजे पाण्याला हवा लागू द्यावी. पायऱ्यांवरून पाणी पाडणारा साधा सिमेंटचा ओटा बांधला, तरी वास उडून जातो आणि लोह बसू लागते. हे झाल्यावर पाणी स्थिर होऊ द्यावे, गाळावे, आणि शेवटी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालावे. हा क्रम उलटा होता कामा नये. वास आला की टीसीएलची मात्रा वाढवायची, ही सवय सर्वत्र आहे. पण ती पावडर जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच सल्फाइड, लोह आणि पाल्यातून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ तिचा फडशा पाडतात, आणि सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनच्या संयोगातून जी संयुगे होतात, तीही दीर्घकाळ पिण्यासाठी चांगली नव्हेत. आणखी एक सावधगिरी : ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासण्याच्या द्रावणाचे) थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले म्हणजे क्लोरीन आहे, असे आपण मानतो. पाण्यात ऑक्सिजनशी संयोग झालेले मँगनीज असेल, तर क्लोरीन नसतानाही हा पिवळा रंग येऊ शकतो. अशा पाण्यावर ओटीच्या एकट्या चाचणीवर विसंबू नये.

प्रश्न : असे पाणी उकळून प्यायले तर चालेल का? (एक गृहिणी, रायगड जिल्हा)

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात आणि वासही बराच जातो, परंतु लोह आणि मँगनीज पाण्यातच राहतात. पाणी आधी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून आठ-दहा वेळा ओतावे, रात्रभर झाकून ठेवावे, वरचे नितळ पाणी चार पदरी स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे आणि मग उकळावे. तळाला बसलेला तांबूस गाळ टाकून द्यावा. मँगनीज मात्र एवढ्याने नीट निघत नाही. भांड्यांवर काळे डाग धरत असतील, तर पाणी तपासून घेणे भाग आहे.

प्रश्न : नव्या धरणाचे बुडीत क्षेत्र पाणी अडवण्यापूर्वी पूर्णपणे साफ करावे का? आमच्या भागात झाडे तोडून नेली जातात, मात्र बाकीचे सगळे तसेच राहते. काही जण म्हणतात, जाळून टाका. (एक निवृत्त शाखा अभियंता, नाशिक)

उत्तर : आपण स्वतः हे काम जवळून पाहिले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आपल्याकडे जी साफसफाई होते ती पाण्याचा विचार करून होत नाही, लाकडाचा विचार करून होते. ज्याला बाजारात किंमत आहे तो बुंधा ट्रकमधून जातो. ज्याला किंमत नाही तो शेंडा, डहाळ्या आणि पाला तोडीच्या जागीच पडून राहतो. म्हणजे पाण्याला जे जवळजवळ निरुपद्रवी आहे ते आपण उचलतो आणि जे पाणी नासवते ते मागे ठेवतो. त्यात तोड लवकर झाली आणि धरणाचे काम दोन-तीन वर्षे रेंगाळले, तर खुंटांना धुमारे फुटतात, मोकळ्या उन्हात गवत आणि तण कमरेएवढे वाढते, आणि अखेर पाणी चढते तेव्हा मूळच्या रानापेक्षा कोवळा हिरवा माल जास्त बुडतो.

माती काढावी का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठ्या गांभीर्याने लढवला गेला, आणि त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. बॉस्टन शहराच्या पाण्यासाठी १८९७ पासून बांधलेल्या आणि १९०८ मध्ये भरलेल्या वाचुसेट जलाशयाच्या तळाची काळी माती खरवडून काढली होती. त्यातली बरीच माती तिथल्याच उत्तरेकडच्या बंधाऱ्यात भरली. त्यानंतर न्यूयॉर्क शहराने अशोकन जलाशयाची तयारी सुरू केली, तेव्हा ॲलन हेझन आणि जॉर्ज फुलर या दोन जलतज्ज्ञ अभियंत्यांचा सल्ला मागितला. त्यांनी सांगितले की माती खरवडण्यावर पैसा घालू नये : काही वर्षांनी खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या तळातला फरक ओसरतो, कारण पाणलोटातून नवी माती आणि नवा पाला येतच राहतो, त्यापेक्षा पाण्यात हवा मिसळण्यावर आणि गरज पडली तर गाळण्यावर खर्च करावा. त्याप्रमाणे अशोकनच्या तळावरची झाडेझुडपे काढली गेली, माती राहिली, आणि पाणी कारंज्यांतून उडवून त्याला हवा देण्याची व्यवस्था उभारली गेली. १९१३ पासून त्यात पाणी साठू लागले. मला हेझन आणि फुलर यांचे म्हणणे मोठ्या जलाशयांच्या बाबतीत पटते. मात्र गावाच्या एका पाझर तलावाच्या किंवा लहान पाणीयोजनेच्या बाबतीत गणित बदलते. तिथे बुडीत क्षेत्र काही हेक्टरांचे असते, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा तुटपुंजी असते, आणि वीतभर काळी माती ही आसपासच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने संपत्ती असते. २०१७ पासून महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत जुन्या तलावांतला गाळ शेतकरी स्वतः वाहून नेतात. मग जी माती उद्या गाळाखाली जाणार आहे आणि पाणी नासवणार आहे, ती पाणी अडवण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांना उचलू द्यायला काय अडचण आहे?

जाळण्याविषयी सावध राहावे. आग लागली की पाल्यातला कार्बन उडून जातो, त्यामुळे पुढे ऑक्सिजन कमी खाल्ला जातो, हे खरे. पण फॉस्फरस आणि पोटॅश राखेत मागे राहतात, आणि पहिल्याच पाण्यात विरघळतात. झांबेझी नदीवरचे करिबा धरण डिसेंबर १९५८ मध्ये अडवले. मासेमारीची जाळी अडकू नयेत म्हणून तिथे सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटरचे रान बुलडोझरांनी पाडून, ढीग रचून जाळले होते. एकूण ५,४०० चौरस किलोमीटरच्या त्या तलावात बुडालेल्या मातीतून, रानातून आणि या राखेतून पोषकद्रव्ये सुटली, आणि साल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या नेच्याने १९६२ पर्यंत पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा झाकून टाकला. पुढे पोषकद्रव्ये घटली तसा तो आवरला. आपल्या कोकणात आणि मावळात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, कारण राखेने रोप कसे तरारते हे तो दरवर्षी पाहतो. तलावात तीच राख शेवाळाला लाभते.

आपल्याकडच्या नियमाचाही इथे संबंध येतो. वनजमीन धरणासाठी देताना मंजुरीत साधारणपणे अशी अट असते की पूर्ण संचय पातळी आणि तिच्या चार मीटर खालची पातळी यांमधल्या पट्ट्यातली झाडे तोडू नयेत. काठ धरून राहावा आणि तोड कमीत कमी व्हावी, हा तिचा हेतू रास्त आहे, आणि करंज, जांभूळ, बाभूळ यांसारखी काही झाडे काही महिने पायाशी पाणी सोसतातही. परंतु झाड राखणे आणि झाडाखालचा पाचोळा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्ट्यातली झाडे उभी ठेवूनही तिथले गवत आणि पाचोळा नेता येतो.

म्हणून माझे मत असे, की झाडतोड शक्य तितकी उशिरा, पाणी अडवण्याच्या आधीच्या हिवाळ्यात व्हावी. बुंध्यांबरोबर शेंडे आणि डहाळ्या सरपणासाठी व राबासाठी गावकऱ्यांना विनाशुल्क नेऊ द्याव्यात. एप्रिल-मे मध्ये गवत कापून चारा म्हणून बाहेर काढावे. आणि गोठे, उकिरडे, संडासाचे खड्डे, खतांची व कीटकनाशकांची कोठारे, डिझेलच्या टाक्या यांची जागा खरवडून साफ करावी. या शेवटच्या कामाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये भरू लागलेल्या क्वाबिन जलाशयासाठी चार गावे उठवली, तेव्हा घरे, तळघरे आणि झाडे तर हलवलीच, पण सुमारे ७,६०० कबरीही दुसरीकडे नेल्या. विस्थापितांचे दुःख तिथेही कमी नव्हते. निदान पुढे ते पाणी पिणाऱ्यांची काळजी तरी कोणीतरी पुरी घेतली होती. आपल्याकडे मात्र धरणग्रस्तांना घर सोडायला भाग पाडले जाते आणि त्यांच्या उकिरड्यासकट ते पाण्याखाली जाते.

प्रश्न : मी कॅनडातल्या विनिपेगला राहते. इथल्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडच्या जलाशयांतले मोठे मासे वारंवार खाऊ नका, त्यांत पारा असतो, असे इथे सांगतात, आणि कारण म्हणून बुडालेली माती सांगतात. माझे माहेर भंडाऱ्याचे. तिथे घरी तलावातलेच मासे येतात. आपल्याकडेही हा धोका आहे का?

उत्तर : आपण जे ऐकले ते खरे आहे. पारा बाहेरून कोणी टाकलेला नसतो. खडकांतून आणि हवेतून, विशेषतः कोळसा जाळल्याने, थोडा पारा सगळ्या मातीत साठत असतो आणि तिथे तो फारसा उपद्रव करत नाही. माती बुडाली, तळाचा ऑक्सिजन संपला आणि ताजा पाला जीवाणूंना मिळाला, की सल्फेट व लोह वापरणारे काही जीवाणू त्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप सजीवांच्या शरीरात साठते. लहान जीवाला खाणारा मासा, त्या माशाला खाणारा मोठा मासा, असे करत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढते.

कॅनडात हे सर्वांत बारकाईने अभ्यासले गेले. मॅनिटोबातच चर्चिल नदी वळवण्यासाठी १९७६ मध्ये सदर्न इंडियन लेकची पातळी सुमारे तीन मीटरने वाढवली, आणि त्यानंतर तिथल्या माशांतला पारा वाढला. ऑन्टारिओच्या वायव्येकडच्या प्रायोगिक तलावांच्या क्षेत्रात १९९३ मध्ये एक पाणथळ जागा मुद्दाम बुडवली गेली. पहिल्याच वर्षात तिथून बाहेर पडणाऱ्या मिथिल पाऱ्याचे प्रमाण ३९ पट झाले. त्याच ठिकाणी १९९९ पासून जंगलाचे उंचावरचे तीन तुकडे बुडवून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : जमिनीत एकूण कार्बन किती आहे यावरून त्यातून किती हरितगृह वायू बाहेर पडेल हे ठरत नाही. शिक्षिकाबाईंच्या उत्तरात मी लवकर कुजणाऱ्या पाल्यावर एवढा भर का दिला, याचे हेही एक कारण आहे. क्वेबेकमधल्या ला ग्रांद प्रकल्पात शिकारी माशांतला पारा मूळच्या पातळीवर यायला वीस ते तीस वर्षे लागली, आणि त्या माशांवर जगणाऱ्या क्री या आदिवासी लोकांसाठी १९८६ मध्ये पाऱ्याविषयी स्वतंत्र करार करावा लागला. लॅब्रॅडॉरमधल्या मस्क्रॅट फॉल्स येथे २०१६ मध्ये तिथल्या मूळच्या इन्युइट लोकांनी उपोषण केले, कारण माती आणि झाडे आधी काढा अशी त्यांची मागणी होती. स्वतंत्र तज्ज्ञ समितीने निवडक जागची माती काढण्याची शिफारस केली. तरी ती न काढताच २०१९ मध्ये जलाशय भरला गेला. ज्यांच्या ताटात तो मासा जाणार होता त्यांनी वेळेवर, नेमके आणि शास्त्राला धरून सांगितले होते, आणि तरी ते ऐकले गेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

भंडाऱ्याच्या बाबतीत निश्चिंत होण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. तिथले बहुतेक तलाव मालगुजारी काळातले, फार जुने आहेत; पहिल्या बुडितीचा काळ त्यांच्या बाबतीत केव्हाच सरला. शिवाय आपल्याकडे जास्त खाल्ले जाणारे रोहू, कटला, मृगळ हे मासे वनस्पती, सूक्ष्मजीव आणि तळाचे कुजके अन्न खातात, शिकारी नाहीत. नव्या, मोठ्या, जंगलात बांधलेल्या धरणातला मरळ किंवा शिंगाडा पहिली काही वर्षे रोज खाणे मात्र टाळावे, विशेषतः गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी, आणि अशा धरणांतल्या माशांची पाऱ्यासाठी तपासणी मत्स्यव्यवसायाच्या कामाचाच भाग व्हावी.

प्रश्न : आम्ही जायकवाडीच्या फुगवट्यालगत गाळपेर जमीन (पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन) करतो. आम्ही पाणी खराब करतो, असे शहरातले लोक म्हणतात. हे कितपत खरे आहे? (एक शेतकरी, पैठण तालुका)

उत्तर : आपला प्रश्न या अंकातल्या सर्व प्रश्नांत महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बुडालेले रान हा काही पहिल्या वर्षापुरता विषय नाही. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो, आणि तो उथळ आहे. पातळी काही मीटर उतरली की हजारो हेक्टर ओलावा धरलेली जमीन उघडी पडते, तिच्यावर हिरवे उगवते, आणि पुढच्या पावसाळ्यात ते सगळे पुन्हा बुडते. धरण दरवर्षी काठाकाठाने पहिल्यांदा भरते, असेच म्हणा ना. वाळलेली माती पुन्हा भिजली की तिच्यातला नत्र आणि फॉस्फेट पहिल्या काही दिवसांत झपाट्याने सुटतो, हेही यात धरावे.

आता आपल्यावरच्या आरोपाकडे येतो. गाळपेर पेरली नाही, तर ती जमीन मोकळी राहत नाही. तिच्यावर गवत, तण आणि बेशरम माजते, आणि ते सगळे तिथेच बुडून कुजते. आपण तिथे हरभरा, ज्वारी किंवा चारा घेतला आणि पीक कापून बाहेर नेले, तर मातीतले पोषण आपण धरणातून बाहेर काढत आहात. खत न घालता केलेली गाळपेर शेती पाण्याला अपाय करण्यापेक्षा उपकारच अधिक करते, असे मी जबाबदारीने म्हणतो. नाथसागरात वरच्या शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी येते, त्याच्या तुलनेत तर आपला वाटा नजरेत भरण्याजोगा नाही.

अट मात्र खरोखरच खत न घालण्याची आहे. गाळ मुळातच कसदार असतो. त्यात युरिया किंवा डीएपी टाकला, तर पिकाने न उचललेला भाग जून-जुलैत थेट पिण्याच्या पाण्यात जातो, आणि तणनाशक वा कीटकनाशक तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. हरभरा स्वतःचे नत्र स्वतः मिळवतो, म्हणून गाळपेरीत तो सर्वांत निर्धोक. टरबूज आणि भाजीपाला यांना खत-औषध जास्त लागते, म्हणून तो टाळलेला बरा. पीक निघाल्यावर नांगरट करून जमीन उघडी ठेवू नये, कारण पहिल्या पावसात तीच माती धरणात जाऊन बसते. काढणी झाली की धसकटे, पाला आणि टरफले मृगाच्या आधी गोळा करून पूर्ण संचय पातळीच्या वर नेऊन टाकावीत, आणि डिझेल इंजिन काठाला लावले असेल, तर त्याच्याखाली पत्र्याचा पसरट ट्रे ठेवावा.